इचलकरंजीचा पंचविसावा बाइट

पुण्याची यादी चालायची आणि कोल्हापूरची उडायची. पुण्याचे वर्गणीदार काही हजार, कोल्हापूर जिल्ह्याचे चारशेच्या आसपास. तरी मोठी यादी बिनबोभाट छापून निघायची आणि छोटी मधेच मोडायची. एका मराठी मासिकाच्या वर्गणी विभागातला हा प्रकार. दिवाळी अंक बाइंडिंगला गेला होता. अंक हातात आले की वेष्टनावर पत्त्याचं लेबल चिकटवायचं, पिनकोडप्रमाणे गठ्ठे बांधायचे आणि ठरलेल्या तारखेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या कचेरीत, नेऊन टाकायचे, हा त्यांचा दर महिन्याचा क्रम. तारीख चुकली की सवलतीच्या टपालदराचा प्रश्न उभा राहतो, म्हणून लेबलं वेळेवर हवीत. ती काढणारा प्रोग्राम सी भाषेतला, आणि लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे निघून गेलेला. अशी कामं फिरत फिरत माझ्याकडे येतात. लहान संस्थांचे जुने प्रोग्राम चालते ठेवणं हाच माझा धंदा आहे. नवीन काही लिहायला मला फारसं कुणी बोलावत नाही.

वर्गणी विभागाच्या ताईंनी निदान आणि उपचार दोन्ही आधीच करून ठेवले होते. "सर, कोल्हापूरचे दोन तुकडे केले की चालतं बघा. सोलापूर, नाशिक, जळगाव, सगळ्यांचं तसंच. मेमरी कमी पडत असणार." व्यवस्थापकांच्या मागे लागून त्यांनी मेमरी वाढवूनही घेतली होती. पडद्यावर शेवटी जी ओळ उमटायची तीत मॅलॉक हा शब्द होता, आणि मॅलॉक म्हणजे जागा मागणं एवढं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यावरून काढलेला हा तर्क. मला तो मुळीच हास्यास्पद वाटला नाही. यादी अर्धी केली की चालते, पूर्ण दिली की मोडते, यावरून कुणीही हेच म्हणेल. फक्त पुण्याची यादी त्यात बसत नव्हती. कोल्हापूरला जागा पुरत नसेल तर पुण्याला कशी पुरते, हे विचारल्यावर ताई म्हणाल्या, "तेच तर मला कळत नाही!" आणि खरं सांगायचं तर तिथपर्यंत आमची दोघांची प्रगती सारखीच होती.

तुकडे करून काम भागत होतं, मग मला बोलवायची वेळ का आली? तर गठ्ठ्यांमुळे. लेबलं पिनकोडाच्या क्रमाने निघाली तरच गठ्ठे पटापट बांधून होतात. एका जिल्ह्याचे दोन तुकडे म्हणजे दोन वेगळे क्रम, आणि मग टेबलावर बसून हाताने ते एकमेकांत मिसळणं. हा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतातले कवी. लेबलांचा ढीग समोर घेऊन बसलेल्या माणसाला त्यांच्या योजनेची किंमत जितकी कळते तितकी बाकीच्यांना कळत नसेल. दिवाळी अंकाला नेहमीच्या वर्गणीदारांखेरीज फक्त त्या अंकापुरती नोंदणी केलेले लोकही असतात, त्यामुळे तुकड्यांचेही तुकडे करायची पाळी आली होती.

प्रोग्राम वाचायला घेतला. बरा लिहिलेला होता. यादीची फाइल उघडायची, एकेक ओळ वाचायची, प्रत्येक वर्गणीदारासाठी एक नोंद तयार करायची, शेवटी सगळ्या नोंदी पिनकोडावर लावून छापायच्या. नाव आणि पत्ता यांना नोंदीतच ठरावीक रुंदीची जागा होती. गावाचं नाव मात्र पुन्हा पुन्हा साठवायला नको म्हणून लेखकाने गावांचा वेगळा तक्ता केला होता: गाव पहिल्यांदा आलं की त्याची एक प्रत करून ठेवायची, पुढच्या नोंदींनी तिच्याकडे नुसतं बोट दाखवायचं. मेमरी महाग होती त्या दिवसांतली ही काटकसर. आज कुणी इतका विचार करत नाही, पण वाचताना मला त्या अनोळखी माणसाबद्दल आदरच वाटला.

जीडीबी या डीबगरखाली चालवून पाहिलं. प्रोग्राम मोडायचा तो नव्या नोंदीसाठी जागा मागताना, थेट मॅलॉकच्या पोटात. ग्लिबसी ही लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी. तिच्यातल्या सिस्मॅलॉक नावाच्या फंक्शनमध्ये एक तपासणी आहे, ती नापास होऊन लायब्ररीने स्वतःच प्रोग्राम बंद पाडला होता. जागा मागणारी ओळ आमचीच, पण तीत खोट काढायला जागाच नव्हती: नोंदीचा आकार बरोबर, मागणी बरोबर, परत आलेला पत्ता रिकामा आहे का हेही लेखकाने तपासलेलं. मॅलॉकच्या आत प्रोग्राम मरतो तेव्हा अनुभवी माणूस मॅलॉकवर संशय घेत नाही. तिथल्या हिशेबाच्या वह्यांवर आधीच कुणीतरी खाडाखोड केलेली असते आणि मॅलॉकला ती आत्ता दिसलेली असते. खाडाखोड कधी झाली आणि कुणी केली, याचं उत्तर मरणाच्या जागी सापडत नाही.

नेहमीचा उपाय यादी अर्धी अर्धी करत जायचा. कुठल्या ओळीने घोटाळा होतो ते त्यातून सहसा हाती लागतं. इथे ते ताईंनी आधीच करून पाहिलं होतं आणि त्यांचं निरीक्षण अगदी अचूक होतं. पहिला अर्धा भाग दिला, चालला. दुसरा अर्धा दिला, चालला. दोन्ही जोडून दिले, उडाला. उलट क्रमाने जोडले, तरी उडाला. म्हणजे वाईट ओळ कुठल्याच अर्ध्यात नाही असं तरी म्हणा, नाहीतर दोन्हीत आहे आणि तरी अर्ध्याला ती बाधत नाही असं म्हणा. दुसरी शक्यता मला त्या दिवशी अंमळ दूरची वाटली, पण खरी तीच होती.

मग व्हॅलग्रिंड. ज्युलियन सेवर्ड यांचं हे साधन २००२ पासून लोकांच्या हातात आहे आणि सीमध्ये काम करणाऱ्या माणसाने त्याचे उपकार किती मानावेत याला सीमा नाही. प्रोग्रामची एकेक सूचना ते स्वतः चालवून बघतं आणि मागितलेल्या जागेच्या बाहेर एक बाइटही लिहिला की टोकतं. त्यामुळे प्रोग्राम वीस-तीस पट हळू चालतो. कोल्हापूरची पूर्ण यादी त्याच्या हवाली केली आणि दोन गोष्टी घडल्या. एक, पहिल्याच काही ओळींत तक्रार आली: एका बाइटाचं अवैध लेखन, आणि तो बाइट मागितलेल्या तुकड्याच्या शेवटाला अगदी लागून. दुसरी गंमत अशी की प्रोग्राम उडाला नाही. रमतगमत शेवटपर्यंत गेला आणि कोल्हापूरची सगळी लेबलं पिनकोडाच्या क्रमाने फाइलमध्ये लिहून मोकळा झाला. मागे उभ्या राहून पाहणाऱ्या ताई म्हणाल्या, "झालं की! आता हे असंच चालवायचं का?" चालवताही आलं असतं. व्हॅलग्रिंड मॅलॉकच्या जागी स्वतःचं मॅलॉक बसवतं आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडी पडीक जागा सोडतं, त्यामुळे बाहेर गेलेला बाइट त्या पडीक जागेत पडतो, कुणाच्या अंगावर जात नाही. दिवाळी अंकाची लेबलं व्हॅलग्रिंडखाली छापणारं ते जगातलं पहिलं मासिक ठरलं असतं.

तक्रारीत ज्या ओळीचा क्रमांक होता ती ओळ गावाची प्रत करणाऱ्या फंक्शनमध्ये होती. तीन ओळींचं फंक्शन. पहिली ओळ गावाच्या नावाची लांबी स्ट्रलेनने मोजून तेवढी जागा मॅलॉककडे मागते, दुसरी स्ट्रकॉपीने नाव त्या जागेत उतरवते, तिसरी पत्ता परत देते. यापूर्वी सी ज्यांनी पाहिली आहे त्यांना चूक दिसलीच असेल. सीमध्ये शब्दाची लांबी कुठे लिहिलेली नसते. शब्द संपला हे सांगायला शेवटी एक शून्य बाइट असतो. स्ट्रलेन तो शून्य मोजत नाही. स्ट्रकॉपी तो शून्य उतरवते. म्हणजे मागायची जागा लांबी अधिक एक. हा अधिक एक तेवढा राहिला होता. बाकी प्रोग्राममध्ये अशा प्रती करणारी आणखी ठिकाणं होती आणि तिथे सगळीकडे तो होता. लेखकाला नियम माहीत होता, एके ठिकाणी हात निसटला.

डेनिस रिची यांनी १९९३ साली सीच्या जन्माची हकिगत लिहिली, तीत या शून्याचं कूळ सापडतं. सीची आजी बीसीपीएल. तिच्यात शब्दाची लांबी सुरुवातीलाच लिहून ठेवत. पण लांबीसाठी एकच छोटा कप्पा, त्यामुळे शब्द किती लांब असावा यालाच मर्यादा पडायची. केन थॉम्प्सन यांच्या बी भाषेने ती पद्धत सोडली, शेवटी एक खूण ठेवायला सुरुवात केली, आणि सीने खुणेच्या जागी शून्य आणला. मोजदाद ठेवण्यापेक्षा खूण सोयीची वाटली, असंही रिची लिहितात. सोय खरीच झाली. त्या सोयीची थकबाकी मात्र आजवर फिटलेली नाही.

दुरुस्ती तिथल्या तिथे केली. तीन ओळींच्या जागी स्ट्रडप हे तयार फंक्शन वापरलं असतं तरी चाललं असतं; युनिक्सवर ते पिढ्यान्‌पिढ्या आहे, सीच्या प्रमाण आवृत्तीत मात्र ते सी२३ मध्ये आलं. मी अधिक एकच लिहिला, कारण मूळ लेखकाची रचना शक्यतो मोडायची नाही हा माझा नियम आहे. कोल्हापूर चाललं, नाशिक चाललं, सोलापूर, जळगाव चाललं. लेबलं निघाली. बिल लावून निघून जायला हरकत नव्हती.

संपादकांनी अडवलं. त्यांचा प्रश्न सरळ होता: चूक गावाच्या प्रत्येक नावाला होत होती, तर पुण्याची यादी का उडाली नाही? आणि इतकी वर्षं हाच प्रोग्राम कसा काय चालला? मुद्रितशोधनात आयुष्य गेलेला माणूस, एक काना राहिला तर तो का राहिला हे कळल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. मलाही तेच खुपत होतं. व्हॅलग्रिंडने पुण्यालाही दोष दिला होता, मुंबईलाही. त्याच्या लेखी सगळे सारखेच गुन्हेगार. पण खऱ्या मॅलॉकखाली कुणाला शिक्षा होत होती आणि कुणी सुटत होतं, यात काहीतरी न्याय असणारच.

ग्लिबसीचं मॅलॉक मागाल तेवढंच मोजून देत नाही. ६४ बिटांच्या यंत्रावर त्याचे तुकडे १६ च्या पटीत असतात, लहानात लहान तुकडा ३२ बाइटांचा. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर ८ बाइटांत त्याचा स्वतःचा आकार लिहिलेला असतो, उरलेले आपले. त्यामुळे आपल्या हाती येतात २४ बाइट, किंवा ४०, किंवा ५६, किंवा ७२. बारा मागा, चोवीस मिळतात. पंचवीस मागा, चाळीस मिळतात. मागणी आणि पुरवठा यांत हा जो फरक राहतो त्यात एक जास्तीचा शून्य निवांत मावतो, कुणाला पत्ताही लागत नाही. पंचाईत कधी? मागणी बरोब्बर २४ ची असेल तर. किंवा ४० ची, ५६ ची. तेव्हा फरकच नसतो, आणि शून्य पडतो तो थेट शेजारच्या तुकड्याच्या डोक्यावर, जिथे त्याचा आकार लिहिलेला आहे तिथे. गावाकडे बांध कोरतात तसलाच हा प्रकार, फक्त इथे शेजाऱ्याचा सातबारा बांधावरच ठेवलेला असतो आणि नांगराच्या फाळाखाली पहिला तोच सापडतो.

आता बाइट मोजायला हवेत. युनिकोडचा मजकूर साठवायची यूटीएफ-८ ही रीत. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून आखली, तेच थॉम्प्सन, ज्यांच्या बी भाषेने शब्दाच्या शेवटी खूण ठेवली. या रीतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. चिन्ह म्हणजे आपल्याला दिसतं ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगवेगळे मोजायचे. पुणे: प, उकार, ण, मात्रा, चार चिन्हं, बारा बाइट. चोवीस व्हायला आठ चिन्हं लागतात. इ, च, ल, क, र, अनुस्वार, ज, वेलांटी. इचलकरंजी आठ. कोल्हापूर नऊ, म्हणजे सत्तावीस बाइट, मिळाले चाळीस, त्याचं काही बिघडत नाही. ताई ज्या कोल्हापूरला नावं ठेवत होत्या ते बिचारं निर्दोष होतं, घोटाळा त्या यादीतल्या इचलकरंजीचा.

संपादकांनी कागद ओढला आणि स्वतः मोजायला बसले. चंद्रपूर घेतलं. डोळ्यांना दिसतात चारच अक्षरं. च, अनुस्वार, द, र, प, उकार, र. "सात," म्हणाले. मी म्हटलं, द्र मधला हलन्त राहिला. "हो की!" आठ झाले. मग त्यांना चेवच चढला. गडचिरोली आठ. नंदुरबार आठ. चाळीसगाव आठ, म्हणजे जळगावच्या यादीचं निदान झालं. मंगळवेढा आठ आणि अक्कलकोटही आठ, सोलापूर दोन्हीकडून अडकलेलं. पंढरपूर मात्र सात, सुटलं. औरंगाबाद आठ. त्यावर ते थांबले. काही वर्गणीदारांच्या पत्त्यात अजून औरंगाबाद होतं, काहींनी २०२३ नंतर कळवून छत्रपती संभाजीनगर करून घेतलं होतं. नव्या नावाचे बाइट होतात एकोणपन्नास, मिळतात छप्पन्न. शासनाच्या अधिसूचनेने मेमरीची चूक झाकली जाते, असं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

नाशिकचं मात्र जमेना. नाशिक पाच चिन्हांचं. त्या यादीत आठ चिन्हांचं गावच दिसत नव्हतं. बोटं मोडत बसण्यापेक्षा मी चार ओळींचा एक वेगळा प्रोग्राम लिहिला: गावांची यादी घ्यायची, जुन्या चुकीच्या पद्धतीने प्रत्येकासाठी जागा मागायची, आणि मॅलॉक_यूजेबल_साइझ या फंक्शनला विचारायचं की प्रत्यक्षात किती दिलीस? दिलेली जागा लांबी अधिक एकपेक्षा कमी असेल तर ते गाव छापायचं. नाशिकच्या यादीतून एकच नाव बाहेर पडलं: पिंपळगाव बसवंत. पिंपळगावची आठ चिन्हं, बसवंतची पाच, तेरा त्रिक एकोणचाळीस, आणि मधली मोकळी जागा एका बाइटाची. चाळीस! दुसऱ्या पायरीवर नेमकं. अमरावती जिल्ह्याच्या यादीतून तसंच अंजनगाव सुर्जी निघालं, सात आणि सहा तेरा, अधिक एक. आठ चिन्हांचा नियम हा नियमाचा अर्धाच भाग होता. नुसत्या तर्काने मी तो पूर्ण मानून चाललो असतो, यादी चालवून पाहिली म्हणून पुरा झाला.

आता उरलं ते अर्ध्या यादीचं कोडं. दोषी नाव आलं की प्रोग्राम तिथेच का मोडत नाही? कारण यादी वाचताना तुकडे एकापुढे एक कापले जात असतात आणि गावाच्या शेजारी त्या क्षणी दुसरी नोंद नसते. शेजारी असतो उरलेला मोकळा माळ, ज्यातून पुढचे तुकडे कापायचे. त्या माळाचा आकारही त्याच्या सुरुवातीलाच लिहिलेला. इचलकरंजीचा पंचविसावा बाइट जाऊन त्या आकड्याचा शेवटचा बाइट शून्य करतो. म्हणजे माळ काही बाइटांनी लहान दिसू लागतो, दोनशे छप्पन्नच्या आतच, फार नव्हे. मॅलॉकला तेव्हा काहीच जाणवत नाही. ते पुढच्या नोंदी कापत राहतं. ग्लिबसी सुरुवातीला साधारण १३२ केबीचा माळ घेतं. आमची नोंद चारशे बाइटांच्या आसपासची, त्यामुळे सव्वातीनशेच्या आगेमागे नोंदी झाल्या की तो संपतो. संपल्यावर नवीन जागा आणण्याआधी मॅलॉक एकदा ताळा करतं: जुना माळ पानाच्या हद्दीवर, म्हणजे ४०९६ च्या पटीत, संपतोय ना? नाही संपत. कुणीतरी हिशेबात हात घातलाय हे ओळखून ते प्रोग्राम बंद पाडतं. कोल्हापूरचे चारशे वर्गणीदार ती हद्द ओलांडतात. दोनशे ओलांडत नाहीत. इचलकरंजी दोन्ही अर्ध्यांत होती, दोन्हींत माळाचा आकार बिघडत होता, फक्त ताळा करायची वेळ येत नव्हती. गडचिरोली आणि नंदुरबारचे वर्गणीदार मोजकेच, म्हणून नाव दोषी असूनही त्या याद्या कधी उडाल्या नाहीत. ताईंच्या उपायात तथ्य होतं. त्यांनी कोल्हापूरची यादी नकळत १३२ केबीच्या आत आणून ठेवली होती.

हे सगळं त्याच वर्षी का सुरू झालं, याचं उत्तर मग आपोआप मिळालं. त्याआधी मासिकाची यादी इस्की संकेतात होती. इस्की म्हणजे १९९१ सालचं भारतीय मानक, पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट सॉफ्टवेअरमुळे मराठी कचेऱ्यांत पसरलेलं. त्यात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट. इचलकरंजी आठ बाइट, छत्रपती संभाजीनगर मधली मोकळी जागा धरून सतरा. चोवीसच्या आतली कुठलीही मागणी आली तरी मॅलॉक चोवीसच देतं, त्यामुळे एक शून्य जास्त झाला तरी तो नेहमी घरातच राहायचा. महाराष्ट्रातल्या गावांची नावं एक बाइटी संकेतात चोवीसपर्यंत पोचतच नाहीत. चूक पहिल्या दिवसापासून होती. तिला बाधायला जागाच मिळत नव्हती. मग यादी युनिकोडमध्ये आणली गेली. ज्यांनी ते काम केलं त्यांनी ते चोख केलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. दिसणारे दोष त्यांनी काढलेही होते. प्रिंटएफ रुंदी मोजतं ती बाइटांत, त्यामुळे लेबलावरचे रकाने वेडेवाकडे झाले होते, ते त्यांनी सरळ केले. न दिसणाऱ्या दोषाची वाट त्यांच्या बदलाने मोकळी झाली, यात त्यांना बोल लावावा असं मला वाटत नाही.

या एका शून्याला क्षुल्लक समजू नये, हेही ओघात सांगतो. २०१४ साली गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटाने खुद्द ग्लिबसीमधलीच असली एक चूक चव्हाट्यावर आणली: एक शून्य बाइट हद्दीबाहेर, बाकी काही नाही. तेवढ्यावरून साध्या वापरकर्त्याला यंत्राचा मालक होता येतं हे त्यांनी करून दाखवलं. आमच्याकडे नुकसान झालं ते लेबलांचं, आणि मॅलॉकने ताळा करून वेळीच आरडाओरडा केला म्हणून तेही थोडक्यात भागलं. ते गप्प बसलं असतं आणि कोल्हापूरचे अंक भलत्याच पत्त्यांवर गेले असते, तर ही चूक सापडायला किती काळ गेला असता याचा विचार मी करत नाही.

जाताना प्रोग्राम अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून पुन्हा बांधून दिला. हे साधन कंपायलरमध्येच असतं, हद्द ओलांडली की जागच्या जागी पकडतं आणि वेग निम्म्याच्या आसपास येतो. महिन्यातून एकदा लेबलं काढणाऱ्यांना वेगाचं काय! संपादकांनी विचारलं, आता परत उडणार नाही ना? मी म्हटलं, उडेल, पण उडेल तिथेच दोष असेल. त्यांना हे उत्तर पटलं. व्यवस्थापकांना अजिबात पटलं नाही. त्यांना 'उडणार नाही' असं लेखी हवं होतं.

त्याच लेखकाने गावातल्या एका वाचनालयाला पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्राम लिहून दिला होता, हे मला ताईंकडून कळलं. ओळखीने जाऊन तोही पाहिला. ते तीन ओळींचं फंक्शन तिथे जसंच्या तसं होतं, अधिक एक नसलेलं, फक्त गावाऐवजी पुस्तकाचं शीर्षक. ग्रंथपालांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, पण आमचं व्यवस्थित चालतंय." चालतच होतं, त्यांचा सगळा साठा अजून इस्कीत होता. शीर्षकं गावांपेक्षा लांब असतात, चोवीस बाइटांचं एखादं असणारच, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी एक जुनी तक्रार सांगितली, वार्षिक साठातपासणीच्या वेळी यंत्र मधेच बंद पडतं, पण ते वीजपुरवठ्यामुळे असावं असा त्यांचा समज होता. युनिकोडचं काम केव्हा काढणार, असं विचारलं. "मार्चनंतर बघू, अनुदान आलं की." मी म्हटलं, ती एक ओळ आत्ताच बदलून देतो, पैसे नकोत. त्यांनी समितीला विचारून सांगतो म्हटलं.